पन्नास मीटर दोरी

कांबळे मॅडमबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि कोल्हापुरात अशी माणसं फार आहेत. परवा बँकेत रांगेत उभा होतो. पुढचे एक मुख्याध्यापक मागं वळले आणि म्हणाले, "जाधवसाहेब न्हवं का? तुमच्या हापिसात त्या दोरीवाल्या मॅडम हुत्या बगा. काय बाई हुती!" मी मान डोलावली. माझी इतक्या वर्षांची नोकरी, आणि या गृहस्थांनी मला ओळखलं ते मी दोरीवाल्या मॅडमच्या ऑफिसात होतो म्हणून. असं काही झालं की माझ्या पोटात दुखतं. आधी वाटायचं पित्त असेल. पण पित्ताची गोळी घेऊन ते थांबत नाही, तेव्हा म्हटलं एकदा लिहून तरी काढावं.

मी अन्नसुरक्षा अधिकारी. दुकानं, हॉटेलं, दूध, तेल तपासायचं, नमुने घ्यायचे, नोटिसा काढायच्या, हे आमचं काम. त्यात तो नियम आला. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखर असलेले पुडे आणि बाटल्या विकायच्या नाहीत, आणि त्यांची जाहिरातही लावायची नाही. नियम वाचल्यावर मला वाटलं, आपल्या जन्माचं काम हेच. पोरांची पोटं सुटत चालली होती. माझ्या घरातच ते दिसत होतं. मी सहा महिने बसून चौसष्ट पानांचा आराखडा तयार केला. त्यात अकरा पानं फक्त मापावर होती. शाळेला तीन फाटकं असतील तर पन्नास मीटर कुठल्या फाटकापासून? सरळ रेषेत मोजायचे की रस्त्यानं? मधे ओढा आला तर काय? शिवाय दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन घ्यायचं आणि यादी वर्गाच्या फळ्यावर लावायची, अशीही एक योजना मी जोडली होती.

आमचे साहेब म्हणाले, "अभ्यास दांडगा आहे तुमचा." पुढच्या आठवड्यात माझा आराखडा मला साहेबांच्या टेबलफॅनखाली दिसला. फॅन थोडा बसका होता, वारा साहेबांच्या तोंडावर येत नव्हता. चौसष्ट पानांनी तो बरोबर उंचीला आला.

त्याच महिन्यात कांबळे मॅडम सांगलीकडून बदलून आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी त्या टेबलावर बसायच्या आधी टेबल मोजायला लागल्या. पिशवीतून शिंप्याची टेप काढून लांबी-रुंदी घेतली आणि आनंदाला, म्हणजे आमच्या शिपायाला म्हणाल्या, "ह्ये दारातनं न्हाय गेलं तर आडवं करू नका, पाय काडा." टेबल हलवायचं आहे हे त्यांनी आल्या आल्या ठरवलं होतं. खिडकी माझ्या खोलीत होती, ती आता आमच्या दोघांची झाली.

मोजल्याशिवाय त्या काहीच करत नसत. त्यांचे वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत साचे भरायचे. "आमचं बाबा म्हनायचं, डोळ्यानं माप घेनाऱ्याचा साचा फुटतोय," हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि पुढं वर्षभर ऐकवत राहिल्या. चहात साखर किती चमचे पडली हे त्या कुणाच्याही टपरीवर विचारायच्या, आणि टपरीवाला खरं सांगायचा, हे विशेष.

आता कुणाला वाटेल, बाई खाण्यापिण्याच्या बाबतीत सोवळ्या असतील. अजिबात नाही. दर शनिवारी त्या मिसळ खायला जायच्या, कट दोनदा मागून घ्यायच्या, आणि नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना पाव बुडवायच्या. एकदा मी समोर बसून नुसता चहा घेत होतो. डॉक्टरांनी मला तेल कमी करायला सांगितलं होतं. मी जरा खोचकपणेच म्हणालो, "मॅडम, पोरांना नाही म्हणायचं आणि आपण हे?"

त्या म्हणाल्या, "जाधवसाहेब, ह्ये खाणं हाय. ही मिसळ कवा शाळंच्या फाटकावर जाऊन पोरास्नी डोळा मारती व्हय? त्यो पुडा मारतोय. मला पुड्याच्या खाण्याचा राग न्हाय, त्याच्या डोळा मारन्याचा हाय."

हेच माझ्या आराखड्यात पान सतरा ते बावीसवर होतं. पण सहा पानांत होतं.

आल्यानंतर महिन्याभरात त्यांनी आराखडा वाचायला मागितला. साहेबांचा फॅन उचलून मीच तो काढून दिला. दोन दिवसांनी त्यांनी परत केला. म्हणाल्या, "सगळं बरोबर हाय. पण वजनाचं तेवढं काढा. पोरीचं वजन फळ्यावर लिवायचं, आणि पुडंवाल्या कंपनीचं नाव फायलीत झाकून ठेवायचं, हा कुठला न्याय?" मी म्हणालो, पालकांना जाग यायला हवी. मी मात्र हट्टाला पेटलो आणि एका शाळेत वजनाचा कार्यक्रम प्रयोग म्हणून करूनही घेतला. शाळा मीच निवडली, कारण तिथं ओळख होती. माझी मुलगी ऋतुजा त्या शाळेत सातवीला होती.

त्यांची दोरी त्यानंतर निघाली. गावाकडच्या चुलत्याकडून त्यांनी अंबाडीची दोरी वळून आणली होती, कासऱ्यासारखी पण लांब. एका टोकाला गाठ आणि बरोबर पन्नास मीटरवर तांबडं फडकं बांधलेलं. ती वेटोळं करून खांद्यावर टाकायची, शाळेत जायचं, मैदान आखायची पांढरी फक्की मागून घ्यायची आणि वर्गातली चार पोरं घेऊन फाटकावर यायचं. एका पोरानं फाटकाशी गाठ धरायची, मॅडमनी फडकं धरून ताणत फिरायचं, आणि फडक्याखाली मागच्या पोरांनी फक्की टाकत यायचं. फाटकं तीन असली तर तीनदा. माझी अकरा पानं त्यांनी पंचवीस मिनिटांत संपवली. रेषा सोमवारी सोमवारी पोरांनीच परत मारायची, अशी त्यांची पद्धत. कबड्डीचं मैदान आखावं तशी पोरं शाळेभोवती रेषा आखायची आणि तिच्यावर पहारा द्यायची.

पहिल्या शाळेत मी बरोबर होतो, साहेबांनी पाठवलं म्हणून. एका पेठेतली शाळा. रेषा फिरत फिरत आली ती बंडा सुताराच्या दुकानाच्या काउंटरखाली शिरली आणि पलीकडून निघाली. बंडा बाहेर आला. कुस्ती सोडलेला माणूस, पण मान अजून तशीच होती.

"ओ मॅडम! रेग माझ्या दुकानातनं गेली की!"

"गेली खरी," मॅडम म्हणाल्या.

"मग मी आत का भाईर?"

"निम्मं आत, निम्मं भाईर. दोरीला काय सांगनार?"

मी कायद्याचं पुस्तक उघडत होतो. अर्ध्या दुकानाबद्दल कायद्यात काही नाही, हे मला माहीत होतं, तरी उघडत होतो. मॅडम तोवर दुकानात शिरल्या. शाळेच्या बाजूच्या निम्म्या भागात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा त्यांनी नुसत्या बघितल्या आणि म्हणाल्या, "बंडाभाऊ, ह्या माळा तिकडं लावा. हिकडं भडंग ठेवा, गूळ-शेंगा ठेवा, केळी टांगा. घरात वैनी भडंग करत्यात न्हवं? मग तुमच्याच घरचा माल मागं का, आणि परक्याचा म्होरं का?"

बंडानं डोकं खाजवलं. मग दुकानावरच्या फळीकडं बघून म्हणाला, "बोर्डाचं काय?" त्याच्या दुकानावरची पाटी एका शीतपेयवाल्यांनी फुकट रंगवून दिलेली होती. वर हातभर बाटली आणि खाली कोपऱ्यात, मुंगी बसेल एवढ्या अक्षरांत, 'बंडा सुतार किराणा'.

मॅडम म्हणाल्या, "दुकान कुनाचं हाय?"

"माझं."

"वाटत न्हाय."

एवढंच. दुसऱ्या आठवड्यात पाटीवर बाटली नव्हती. सुताराचं नाव हातभर होतं. दंड नाही, नोटीस नाही. मला आठवतंय, मी ते बघून खूश व्हायला हवं होतं. नियम माझाही होता. पण मी ऑफिसात येऊन आनंदावर उगाच डाफरलो, चहा गार आणला म्हणून.

त्यांची आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोरांच्या हातात त्या रिकामा पुडा द्यायच्या. "वाच." पोरगं मोठ्यानं वाचायचं, कुरकुरीत, चटपटीत, मज्जा, आत बक्षीस. "झालं? आता जे लिवलं न्हाय ते वाच." पोरं आधी हसायची. मग पुडा उलटायची, मागचं मुंगीएवढं छापील शोधायची. मीठ किती, तेल कसलं, साखर कितव्या नंबरला. कुणी म्हणायचं, "हे खाल्ल्यावर पुन्हा भूक लागती ते लिवलं न्हाय." कुणी म्हणायचं, "हवा भरलीया ते लिवलं न्हाय." हा खेळ त्यांनी किती शाळांत खेळला असेल देव जाणे. स्वतःलाही ती सवयच झाली होती. लग्नपत्रिका आली तरी त्या आधी उलटून मागची बाजू बघायच्या.

हा खेळ माझ्यावर एकदा उलटला. एका शाळेच्या क्रीडामहोत्सवाला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी आनंदलो. मॅडमना नाही, मला. स्थूलतेवर माझं चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं. मी व्यासपीठावर गेलो, नारळ घेतला, फेटा बांधून घेतला आणि बोलायला उभा राहिलो. पोरं खुदुखुदु हसत होती. मला वाटलं, फेटा वाकडा झालाय. पाचव्या मिनिटाला मागं बघितलं. माझ्या डोक्यावर दहा फुटांचं फडकं होतं, त्यावर चिप्सचा पुडा हसत होता आणि खाली लिहिलं होतं, शुभेच्छुक. महोत्सव त्या चिप्सवाल्या कंपनीच्याच खर्चानं होता. फोटो काढून झाले होते.

मॅडम प्रेक्षकांत होत्या. त्या उठल्या, माईक घेतला. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. त्या पोरांना म्हणाल्या, "सायबांनी हे फडकं मुद्दाम लावाय सांगितलंय. चला, वाचा. आता न लिवलेलं वाचा." पाचशे पोरं ओरडून वाचायला लागली. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः ते उतरवायला शिडी मागवली.

त्यांनी मला वाचवलं, हे मला समजत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. एखाद्यानं आपल्याला हसावं, ते सोसतं. आपली लाज दुसऱ्यानं पदराखाली घ्यावी आणि वर आपल्याच नावावर टाळ्या पडाव्यात, हे नाही सोसत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कुणीतरी मॅडमचं कौतुक काढलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यांना काय, सगळं मिळतंच आहे." कशाबद्दल म्हणालो ते सगळ्यांना कळलं, आणि कुणी हसलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून गेलेलं आहे, ते इथं लिहिलं पाहिजे.

ऋतुजाचं आता सांगतो. वजनाच्या प्रयोगानंतर ती घरात बोलेनाशी झाली. मी फ्रीजवर तक्ता लावला होता, काय खायचं, काय नाही, किती चालायचं. ती त्याच्याकडं बघायची नाही. गादीखाली पुड्यांची चुरगळलेली कागदं सापडायची. बायको म्हणाली, "फळ्यावर तिसरं नाव तिचं होतं. पोरं आता तिला नावानं हाकच मारत नाहीत, आकड्यानं मारतात." मी म्हणालो, मग कमी करायला पाहिजे वजन. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी वर्तमानपत्र उघडलं.

आणि एक दिवस पोरगी घरी आली ती कोपरापर्यंत पांढरी. फ्रॉकवर फक्की, केसांत फक्की. जेवताना तोंड थांबेना. शाळेत दोरीवाल्या मॅडम आल्या होत्या, दोरीची गाठ धरायला त्यांनी सगळ्या वर्गातून हिला निवडली, दोरी ताणली की पोरं ओढली जात होती पण ही हलली नाही.

"मॅडम म्हणाल्या, तू धर पोरी, तुझ्या हातात जोर हाय."

माझ्या पोरीच्या हातात जोर आहे. बारा वर्षांत मला तिच्या हाताची जाडी तेवढी दिसली होती. बायकोनं डोळे पुसले. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, ही बाई आता माझ्या घरातसुद्धा आली.

ऋतुजा दर सोमवारी रेषा मारायला लवकर जायला लागली. गादीखालचे कागद कमी झाले, मग थांबले. एक दिवस तिनं माझ्या शर्टाच्या खिशातून खाऱ्या काजूंचा पुडा काढला, उलटून वाचला, आणि परत ठेवला. फ्रीजवरचा तक्ता तिनं काढला. त्या जागी काही लावलं नाही. मी मॅडमना ऑफिसात विचारलं, "ऋतुजा माझी मुलगी आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"कुठली ऋतुजा?" त्या म्हणाल्या. मग आठवून हसल्या. "ती व्हय! तुमची हाय? नशीबवान हाय तुमी."

त्यांना माहीतही नव्हतं. मला तर वाटलं होतं, माझ्यावर उपकार करायला निवडली असेल. तेवढा उपकारही केला नव्हता त्यांनी.

तक्रार जुलैमध्ये आली. शहरातल्या एका वितरकानं दुकानदारांच्या सह्या गोळा करून लिहिलं होतं, की मॅडमची दोरी पन्नास मीटरपेक्षा लांब आहे, त्यामुळं नियमाबाहेरची दुकानंही रेषेच्या आत ओढली गेली, धंदा बुडाला. वरून विचारणा झाली. साहेबांनी मला बोलावलं.

"जाधव, मापाचा तुमचा अभ्यास आहे. शिवाय शेतकऱ्याघरचे, दोरखंड तुम्हाला कळतं. एक टिपणी द्या. तुमच्या टिपणीवर ठरवतो, शहर मॅडमकडं ठेवायचं की काढायचं. पोरांच्या रेषा राहायच्या का जायच्या, तेही त्यावरच." असं म्हणून त्यांनी दोरी माझ्यापुढं ठेवली.

मी राधानगरीकडचा. आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. अंबाडीचा कासरा ओला झाला की आखडतो, गाठी दगडासारख्या होतात, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. तरी मी खात्री केली. व्हरांड्यात पोलादी टेप लावून कोरडी दोरी मोजली. बरोबर पन्नास. मग आनंदाला म्हणालो, "एक बादली पाणी आण." दोरी भिजवली, निथळली, परत मोजली. दीड मीटरहून जास्त कमी भरली. आनंदा बादली धरून बघत उभा होता.

म्हणजे पावसाळ्यात मॅडमची रेषा शाळेच्या जवळ पडत होती, लांब नाही. दुकानदारांचा तोटा सोडाच, त्यांना दीड मीटर फुकट मिळत होते. तक्रार सरळ उलटी होती. हे एक वाक्य लिहिलं की संपलं.

मी बसलो आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'सदर दोरी हे प्रमाणित मापनसाधन नाही. हवामानानुसार तिच्या लांबीत फरक पडतो.' खाली सही.

एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तक्रारीत तथ्य आहे?" मी म्हणालो, "मी फक्त निरीक्षण नोंदवलंय, साहेब."

पंधरा दिवसांत मॅडमकडून शहर काढलं आणि त्यांना चंदगडकडचं काम दिलं. शहर माझ्याकडं आलं, आयत्या बिळात नागोबा. जायच्या दिवशी त्यांनी फाइल बघायला मागितली. माझी टिपणी वाचली. वाचून झाल्यावर कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली, चष्मा वर करून, पोरं पुड्याची मागची बाजू बघतात तशी. मग कागद सरळ केला, फाइल बांधली आणि म्हणाल्या, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं, जाधवसाहेब." दोरी पिशवीत घातली, आनंदाला नमस्कार केला आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

शहरात मी प्रमाणित टेप आणली. शाळांबाहेर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या, 'पन्नास मीटर क्षेत्र'. पहिल्या महिन्यातच एका पाटीवर दुकानदारानं पुड्यांची माळ अडकवलेली मी बघितली. पाटीला खिळा आयताच होता. पोरांना पाटीचं काही वाटत नव्हतं, त्यांनी ती लावली नव्हती. रेषा मात्र काही शाळांत पोरं मारत राहिली. ऋतुजाच्या शाळेत तर अजूनही मारतात. ती आता दहावीला आहे. सोमवारी तिची आई तिला उठवत नाही, ती आधीच उठलेली असते. "मॅडमची बदली का झाली, पप्पा?" असं तिनं एकदाच विचारलं होतं. मी म्हणालो, खात्यात बदल्या होतातच.

गेल्या पावसाळ्यात वरून आदेश आला की कोल्हापूरची रेषेची पद्धत इतर जिल्ह्यांनाही शिकवायची. प्रशिक्षण इथंच ठेवलं आणि शिकवायचं काम मला दिलं. मी स्लाइड केल्या. 'आम्ही', 'आमच्या कार्यालयाने', असं लिहिलं. फोटोंमध्ये मॅडम होत्या, तिथं मी पोरांवर रोख असलेले फोटो निवडले. हॉल भरला होता. मी बोलायला उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेत मला जाड भिंगाचा चष्मा दिसला. चंदगडहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या, मांडीवर ओली छत्री, पायात तेच बूट. अधिकारी म्हणून त्यांनाही प्रशिक्षणाला बोलावणं होतं. माझ्याकडून शिकायला.

मी दीड तास बोललो. त्या वही उघडून बसल्या होत्या. शेवटी कोकणातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "सर, खेड्यात टेप नसेल तर साधी दोरी चालेल का?" मी म्हणालो, चालेल. तेवढ्यात मागून हात वर झाला.

"साहेब, मी सांगू का जरा?"

मी बाजूला सरकलो. त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडं नाही, त्या पोराकडं बघून बोलल्या.

"दोरी चालती. पर तुमच्याकडं पाऊस लई. वली दोरी आखडती. म्हंजे रेग शाळंकडं सरकती, दुकानदाराचा फायदा हुतोय. दोरी लांबत न्हाय कवा. कोन म्हनला लांब हाय, तर वाद घालत बसू नका. एक बादली पानी मागवा आन् त्याच्याम्होरं भिजवून मोजा. आमच्या हापिसात असं मोजलेलं हाय."

आणि खाली बसल्या. आवाजात काही नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. हॉलमधल्या सगळ्या माना खाली गेल्या आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. आनंदा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तो छताकडं बघत होता.

मी मघापासून मोकळेपणानं सांगतोय, तेव्हा हेही सांगतो. मला पहिल्यांदा शरम वाटली नाही. दीड तासात माझं एकही वाक्य कुणी लिहून घेतलं नव्हतं, ते मला पहिल्यांदा दिसलं. शरम नंतर आली, चहा घेताना.

मॅडम परतीच्या गाडीच्या घाईत होत्या. छत्री काखेत मारून त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलतील. मी कप खाली ठेवला.

"ऋतुजा कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. नववीला आहे."

"रेग मारतीया अजून?"

"हो."

त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला दुसरीकडं बघावं लागलं. "तिला सांगा, दोरीवाल्या मॅडमनी इचारलंय म्हनून. म्हनावं, गाठ घट्ट धर." मग त्या पायऱ्या उतरल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि साचलेल्या पाण्यातून, प्रत्येक पाऊल मोजून टाकल्यासारख्या, रिक्षापर्यंत चालत गेल्या. बूट भिजू नयेत म्हणून असेल. मी वरून बघत होतो. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. काल सोमवार होता. ऋतुजा शाळेतून आली, कोपरापर्यंत पांढरी, आणि माझ्यासमोर बसून शेंगा खात होती. आम्ही दोघंच होतो. मी दोनदा तोंड उघडलं.

मॅडमचा निरोप मी तिला अजून दिलेला नाही.